कॉम्प्युटर चालू केल्या केल्या आपोआप सुरू होणारे प्रोग्राम : तुमचे प्रश्न

हा विषय मागे एकदा घेतला होता, तरी तेच प्रश्न परत परत येतायत. म्हणून आता एकदाच सगळ्यांना मिळून. विंडोज १० आणि ११ धरून चाललोय, दुसरं काही असेल तिथे तसं लिहीन.

प्रश्न : मी रोज सकाळी तेच दोन प्रोग्राम उघडते. ते आपोआप उघडावेत यासाठी काय करायचं?

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, जी छोटी चौकट येईल तिच्यात इंग्रजीत शेल, मग कोलन, मग स्टार्टअप असं मधे जागा न सोडता टाईप करून एंटर मारा, जो फोल्डर उघडेल त्यात त्या प्रोग्रामांचे शॉर्टकट टाका. शॉर्टकट म्हणतोय, मूळ फाईल उचलून तिथे नेऊ नका.

प्रश्न : शॉर्टकट टाकला, पण प्रोग्राम काही सुरू होत नाही. एरवी डबल क्लिक केलं की आधी हो-नाही विचारणारी खिडकी येते आणि मग नीट चालतो.

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. हो-नाही विचारतो म्हणजे त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये काहीही बदलायची मुभा, लागतात, आणि असे प्रोग्राम स्टार्टअप फोल्डरमधून विंडोज गुपचूप चालू होऊ देत नाही, व्हिस्टापासून हे असंच आहे. यावर रस्ता म्हणजे टास्क शेड्यूलर, ठरवून दिलेली कामं आपोआप चालवणारं विंडोजमधलंच साधन. नवीन टास्क बनवा, ट्रिगरमध्ये 'अ‍ॅट लॉग ऑन' निवडा, आणि जनरल टॅबवर 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ला टिक करा. लॅपटॉप असेल तर कंडिशन्स टॅबवर जाऊन चार्जर लावलेला असेल तरच चालवा अशी एक टिक आधीपासून असते ती काढा, नाहीतर बॅटरीवर असताना टास्क चालणार नाही आणि तुम्ही परत मलाच लिहाल. प्रोग्राम नेटवर्कवरची फाईल उघडत असेल तर ट्रिगरमध्येच एखाद्या मिनिटाचा उशीर लावा, कारण लॉगिन झालं तरी नेटवर्क जागेवर यायला थोडा वेळ जातो.

पण मुळात त्या प्रोग्रामला अ‍ॅडमिनचे अधिकार कशाला हवेत, हे बनवणाऱ्याला आधी विचारा. न विचारता दर वेळी गुपचूप चालेल अशी सोय करून देणं म्हणजे घराची किल्ली देऊन टाकणं.

प्रश्न : मी 'अ‍ॅट लॉग ऑन'ऐवजी 'अ‍ॅट स्टार्टअप' निवडलंय. रिस्टार्ट केलं की टास्क चालतो, शट डाऊन करून सकाळी चालू केलं की चालत नाही. कॉम्प्युटर बिघडलाय का?

नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, तिच्यात शट डाऊन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तोच परत उचलतात, म्हणजे विंडोजच्या हिशेबी ती नवी सुरुवातच नसते. रिस्टार्ट मात्र खरोखर पहिल्यापासून होतो. 'अ‍ॅट लॉग ऑन' लावा, प्रश्न मिटेल.

प्रश्न : मॅकवर हे कुठे असतं?

सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, लॉगिन आयटम्स.

प्रश्न : कॉम्प्युटर सुरू व्हायला खूप वेळ लागतो. मित्र म्हणाला स्टार्टअपमधलं सगळं बंद कर. एका व्हिडिओत बघून एक बूस्टर पण टाकला, तो म्हणतो रजिस्ट्रीत शेकडो चुका आहेत, पैसे भरा मग दुरुस्त करतो. भरू का?

नका भरू. आणि आता जरा बसा, कारण हे मी सांगून सांगून थकलोय.

पहिली गोष्ट, तो बूस्टर स्वतः कुठे जाऊन बसलाय ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअपचा टॅब आहे. तुमचा बूस्टर त्याच यादीत सापडेल, बहुतेक वेळा सापडतोच. कॉम्प्युटर लवकर सुरू करून देतो म्हणणारा स्वतःच सुरुवातीला रांगेत घुसून बसलेला, आणि वर तुमच्याकडेच पैसे मागतो! रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम आपल्या सेटिंग जिथे लिहून ठेवतात ती वही, आणि त्या 'शेकडो चुका' म्हणजे जुन्या प्रोग्रामांच्या उरलेल्या नोंदी, त्या तिथे पडून राहिल्याने वेगात काही फरक पडत नाही. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्राम वापरू नका अशीच खुद्द मायक्रोसॉफ्टची भूमिका आहे. ती लाल अक्षरं, तो भोंग्यासारखा आवाज, सगळं तुम्हाला घाबरवायला.

दुसरी गोष्ट, 'सगळं बंद कर'. मित्राला विचारा, सगळं म्हणजे काय? त्या यादीत अँटिव्हायरस असतो, बॅकअप घेणारा प्रोग्राम असतो, टचपॅडचा आणि आवाजाचा असतो. बॅकअप बंद होतो तेव्हा काहीच कळत नाही, कळतं ते डिस्क गेल्यावर. यादीत 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असा रकाना आहे तो वाचा. 'हाय' म्हणजे सुरू होताना त्या प्रोग्रामने प्रोसेसरचा एका सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं. हाय असलेले आणि तुम्हाला नावानिशी माहीत असलेले, चॅटिंगचे, गेमचे, गाण्यांचे, तेवढे डिसेबल करा, एका वेळी एक, दोन दिवस वापरून बघा मग पुढचा. डिसेबल म्हणतोय, डिलीट नाही!

ही यादी पूर्ण नसते, हे पण ऐका. स्टार्टअप फोल्डर आणि रजिस्ट्रीतल्या 'रन' नावाच्या जागेतल्या नोंदी त्यात दिसतात, पण सर्व्हिसेस (खिडकी न दाखवता मागे चालणारे प्रोग्राम) आणि टास्क शेड्यूलरमधली टास्क दिसत नाहीत. सगळं एकत्र बघायचं तर ऑटोरन्स हे साधन आहे, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांचं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली, आजही फुकट मिळतं. पण ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, आणि उघडल्यावर फक्त बघा. माझ्याकडे एक मशीन आलं होतं, पासवर्ड टाकला की आत जायचं आणि लगेच बाहेर फेकायचं, आत, बाहेर, आत, बाहेर. मालकाने 'अनोळखी वाटली' म्हणून युजरइनिट नावाची नोंद उडवली होती. ती नोंद लॉगिनसाठीच लागते. नाव अनोळखी आहे एवढ्यावरून व्हायरस ठरत नाही, तसंच ओळखीचं नाव दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. एसव्हीसीहोस्ट हे विंडोजचंच नाव, पण फाईल सिस्टिम३२ हा विंडोजचा स्वतःचा फोल्डर सोडून तुमच्या डाऊनलोड्समध्ये असेल तर गडबड आहे. कळत नसेल तर फोटो काढून जाणकाराला दाखवा आणि मगच हात लावा.

आणि हे सगळं करूनही हळूच असेल तर दोष स्टार्टअपचा नसेलच कदाचित. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती तपासून घ्या, त्याआधी डेटाची कॉपी काढा.

प्रश्न : डिसेबल केलेला प्रोग्राम महिन्याभराने परत सुरू व्हायला लागला.

अपडेट आलं असेल, त्याने स्वतःची नोंद नव्याने टाकली. त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्येच जाऊन 'सुरुवातीला चालू करा' हे बंद करा, वापरत नसाल तर अनइन्स्टॉल करा. विचारल्याशिवाय परत येणाऱ्या पाहुण्याला मी तरी ठेवत नाही.

प्रश्न : ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पण हेच करू का?

आयटीवाल्यांना विचारा. स्वतः काही करू नका.

प्रश्न : गेले तीन महिने लॉगिन झालं की एक काळी खिडकी क्षणभर येते आणि जाते. काही त्रास नाही, म्हणून लक्ष दिलं नाही. काळजीचं आहे का?

तीन महिने! ती एखाद्या साध्या अपडेटची खिडकी असू शकते, तशा असतात, पण दर लॉगिनला काहीतरी चालतंय आणि काय ते तुम्हाला माहीत नाही, ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात बघायची असते. इथून, न बघता, मी ते निर्धोक आहे असं सांगणार नाही. टास्क शेड्यूलरची लायब्ररी उघडून लॉगिनला लावलेली टास्क कुठली फाईल चालवतात ते लिहून घ्या, काही उडवू नका, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन लावा, आणि ती यादी घेऊन मशीन आजच कुणा भरवशाच्या माणसाकडे न्या. तोवर त्यावरून बँकेचे व्यवहार बंद. पासवर्ड बदलायचे तर दुसऱ्या मशीनवरून बदला.