नेब्रोडी धिंगरी आणि किंग ऑयस्टर: फरक नेमका कशात पाहावा

पुण्यात किंग ऑयस्टर या नावाने मिळणारी अळिंबी आणि इटलीच्या सिसिली बेटावरील दुर्मीळ पांढरी धिंगरी (ऑयस्टर अळिंबी) यांत फरक काय, आणि दुसरीचे बियाणे मागवून वाढवल्यास तिच्या संवर्धनाला हातभार लागेल का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही जाती प्ल्युरोटस याच प्रजातीतल्या. आपली नेहमीची धिंगरी लाकडावर किंवा भाताच्या काडावर वाढते. या दोघी मात्र गाजर-कोथिंबिरीच्या कुळातील रानटी वनस्पतींच्या मुळांवर उगवतात, आणि खरा फरक तिथेच आहे. किंग ऑयस्टर, म्हणजे प्ल्युरोटस एरिंजी, प्रामुख्याने एरिंजियम या काटेरी वनस्पतीवर येते. तिचा प्रदेश भूमध्य सागरापासून मध्य आशियापर्यंत पसरला असला, तरी मध्य युरोपातील काही देशांत तीही धोक्यात आहे. दुसरी, म्हणजे पांढरी धिंगरी प्ल्युरोटस नेब्रोडेन्सिस, उत्तर सिसिलीतील मादोनिए पर्वतावर, साधारण १२०० ते २००० मीटर उंचीवरच्या चुनखडीच्या कुरणांत, काक्रिस फेरुलेसिया या एकाच वनस्पतीच्या आधाराने वसंतात उगवते. तिथले तिचे क्षेत्र १०० चौरस किलोमीटरहूनही कमी आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २००६ मध्ये तिला 'अतिसंकटग्रस्त' ठरवले, तेव्हा वर्षाकाठी परिपक्व होणाऱ्या अळिंब्या २५० पेक्षा कमी असल्याचे नोंदवले होते. चवीमुळे तिला मोठी किंमत येते, म्हणून ती कोवळी असतानाच, बीजाणू (नव्या अळिंब्या रुजवणारे सूक्ष्म कण) सांडण्याआधी खुडली जाते. माझ्या मते तिच्या ऱ्हासात सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

केवळ रूपावरून ओळख पटवू नये. रानातील एरिंजीची टोपी रुंद व तपकिरी असते. बाजारातील जाड देठ आणि लहान टोपी हा लागवडीत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जास्त ठेवल्याचा परिणाम असतो. नेब्रोडेन्सिसची टोपी पांढरट ते फिकट पिवळसर असून जून झाल्यावर तडकते. मात्र पांढरी दिसते म्हणून ती नेब्रोडेन्सिसच, असे मानता येत नाही. चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर पिकवली जाणारी पांढरी 'बाइलिंगु' अनेक वर्षे याच नावाने विकली गेली. प्रत्यक्षात ती शिनच्यांगमधील, हिंगाच्या फेरुला प्रजातीतील वनस्पतींवर येणारी वेगळी जाती, प्ल्युरोटस तुओलिएन्सिस, आहे.

म्हणून बियाणे मागवण्याचा मी आग्रह करणार नाही. पुण्यातील खोलीत आलेल्या पिकाने मादोनिएच्या कुरणात एकही अळिंबी वाढत नाही. तिथे आश्रय देणारी वनस्पती टिकणे आणि अळिंबीला बीजाणू सांडेपर्यंत राहू देणे, हेच आवश्यक आहे. लागवडीचीच हौस असेल तर किंग ऑयस्टर निवडावी, पण तिला फळधारणेसाठी साधारण १२ ते १८ अंश तापमान लागत असल्याने शीतकक्षाची सोय आधी करावी. ती नसेल, तर साध्या धिंगरीपासूनच सुरुवात करणे उचित ठरेल.