एका कंपनीच्या हेडसेटसाठी घेतलेले व्हीआर गेम दुसऱ्या हेडसेटवर चालतात का? ओपनएक्सआर आहे ना आता?

भाऊ, तुम्ही विचारून राहिले की मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटवर गेम घेतले आणि पुढे दुसरा हेडसेट घेतला तर ते वाया जातील का. कुठून घेतले त्यावर आहे, हेडसेटवर कमीच.

मी इथे धरमपेठेत बिल्डर लोकांसाठी व्हीआर वॉकथ्रू बनवतो, म्हणजे बेसा-मनीषनगरकडे बिल्डिंग उभी व्हायच्या आधीच गिऱ्हाईकाला हॉल-किचन फिरवून आणायचं, त्यामुळे हा ताप माझा रोजचाच आहे.

ओपनएक्सआर म्हणजे गेम आणि हेडसेट एकमेकांशी कसे बोलतील याचं सगळ्या कंपन्यांसाठी एकच स्टँडर्ड, ते बनवणाऱ्याच्या सोयीचं आहे, तुमच्या खरेदीशी त्याला काही घेणंदेणं नाही. असे स्टँडर्ड काढणाऱ्या ख्रोनॉस ग्रुपने २०१९ मधे त्याचं १.० काढलं, त्याआधी ऑक्युलसचं (म्हणजे आताच्या मेटाचं) एसडीके, म्हणजे गेम जोडायचं सॉफ्टवेअर, वेगळं, स्टीमवाल्या व्हॉल्व्हचं ओपनव्हीआर वेगळं, एकच गेम दोनदा जोडत बसा. २०१६ मधे तर ऑक्युलसने अपडेटमधे असं चेकिंग टाकलं होतं की त्यांचा हेडसेट लागलेला नसेल तर त्यांच्या दुकानातला गेम उघडायचाच नाही, लोकांनी एवढी बोंबाबोंब केली की पुढच्या महिन्यात काढावं लागलं.

आता काय होते, आमच्या वॉकथ्रूत आम्ही 'दार उघड' अशी ॲक्शन लिहितो, कोणत्या कंट्रोलरवर कोणतं बटण ते फक्त सुचवतो, जोडून देणं रनटाइमचं, म्हणजे गेम आणि हेडसेटच्या मधात चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. त्यामुळे पीसीवर चालणारा तोच बिल्ड, म्हणजे तयार प्रोग्राम, पीसीला जोडलेल्या क्वेस्टवरही दिसते, पिको कंपनीच्या हेडसेटवरही दिसते. पण हेडसेटच्या आतच चालवायचा तर अँड्रॉइडचा बिल्ड वेगळा काढावा लागतेच, आणि पासथ्रू (हेडसेटच्या कॅमेऱ्यातून बाहेरचं दिसणं), खोली स्कॅन करणं असलं काही आलं की प्रत्येक कंपनीचं एक्स्टेंशन, म्हणजे स्टँडर्डला लावलेली जोड, वेगळं, तिथे डोकं खराब होते.

ॲपल व्हिजन प्रो तर ओपनएक्सआर घेतच नाही, सफारीत वेबएक्सआर, म्हणजे ब्राउझरमधलं व्हीआर, चालते तेवढंच. सोनीने २०२४ मधे प्लेस्टेशनच्या पीएसव्हीआर २ हेडसेटसाठी पीसीचा ॲडॅप्टर काढला, त्याने स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले गेम चालतात पण प्लेस्टेशनवर घेतलेले तिथेच राहतात. आणि विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या मायक्रोसॉफ्टच्या हेडसेट प्लॅटफॉर्मचं पहा बाप्पा, तो ओपनएक्सआर चालवत होता की व्यवस्थित, तरी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटमधून तो सपोर्टच काढून टाकला, एचपी रिव्हर्ब जी२ सारखा चांगला हेडसेट तिथे नुसता डब्बा झाला. स्टँडर्डने काय करावं त्यात.

म्हणून घरी चांगल्या ग्राफिक्स कार्डचा पीसी असेल तर मोठे, महाग गेम स्टीमवरच घ्या, उद्या स्टीमव्हीआर (स्टीमचं व्हीआर चालवायचं सॉफ्टवेअर) चालवणारा कोणताही हेडसेट आणला तरी बहुतेक चालून जातील. मेटाच्या दुकानातून घेतलेले मेटाकडेच राहणार. पीसी नसेल तर दुसरा उपाय नाही, मग मेटाचंच दुकान, तिथे सेल पाहून घ्या, काहून फुल किमतीत घ्यायचं.

आणि पीसीवर गेम मॉनिटरवर दिसून राहिला पण हेडसेट काळाच, असं झालं तर लगेच दुकानदाराकडे पळू नका. मेटाचं ॲप आणि स्टीमव्हीआर दोन्ही टाकलेले असले तरी ओपनएक्सआरचा रनटाइम एका वेळी एकच चालू असते. स्टीमव्हीआरच्या सेटिंगमधे ओपनएक्सआर उघडा, तिथे स्टीमव्हीआरला रनटाइम करा, गेम बंद करून पुन्हा लावा.