तुझ्या पुस्तकात डोकावणारी आजी

“ताई, मी नवापूर तालुक्यातली, धुळ्याला नर्स आहे. रोज बायबल वाचते, प्रार्थना करते. पण रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जायचं जिवावर येतं. पाळकांचा संदेश लांबतो, गाणं बेसूर होतं. शेजारची एक आजी माझ्याच गीतांच्या पुस्तकात डोकावते आणि ओळ चुकवत मोठ्याने गाते. सहा महिन्यांत कुणी चहालाही बोलावलं नाही. देव तर खोलीतही भेटतो, मग तिथे का जायचं? आई ऊसतोडीला गुजरातेत आहे, तिथेही पालासमोर चार जणी जमवून प्रार्थना करते. ती फोनवर विचारते तेव्हा मी ‘गेले होते’ असं खोटं सांगते.”

पोरी,

देव खोलीत भेटतो, हे खरंच आहे. दार लावून प्रार्थना कर, असं प्रभूनेच सांगितलंय. पण मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात, थोड्याच ओळींनी पुढे, त्याने शिकवलेली प्रार्थना बघ. तिच्यात भाकर ‘माझी’ नाही, ‘आमची’ आहे. बंद खोलीतही तू रोज ‘आमची’च म्हणतेस. त्यातली बाकीची माणसं रविवारी तुझ्या शेजारी येऊन बसतात.

त्या आजीला वाचता येतं का गं? अमळनेरला असताना माझ्या शेजारीही अशीच एक आजी उभी राहायची, बोट ओळीवर फिरवत. एकदा मी पान उलटायला विसरले. तिचं बोट जुन्याच पानावर फिरत राहिलं आणि ती पुढचं कडवं गात राहिली. अक्षरओळख नव्हतीच तिला. पुस्तकाच्या निमित्ताने ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची.

पुढे माझे यजमान गेले. कितीतरी रविवार माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. “तू बठ माय, मी म्हनस,” ती एवढंच म्हणाली आणि माझ्या वाटणीचंही गायली. घरी एकटी असते, तर त्या दिवसांत माझी प्रार्थना बंदच पडली असती. इब्रीकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र जमणं सोडू नका, एकमेकांना धीर द्या असं सांगितलंय, ते मला तेव्हा उमगलं.

1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्याला अभंग आणि भजनं दिली. भजनाला मागे म्हणणारे लागतात. बेसूर असले तरी लागतात.

सहा महिने कुणी विचारलं नाही, ही मात्र मंडळीची चूक आहे आणि ती मी झाकणार नाही. बायबलातल्या करिंथ शहराच्या मंडळीत काही जण पोटभर खायचे आणि काही उपाशी राहायचे. हे प्रभुभोजनच, म्हणजे प्रभूच्या आठवणीत एकत्र घ्यायचं जेवणच नव्हे, असं प्रेषित पौलाने त्यांना खडसावलं. तूही पाळकसाहेबांना भेटून स्पष्ट सांग. संदेश लांबतो तेही सांग. रविवारी ड्युटी असली तर आठवड्यातल्या घरच्या प्रार्थनासभेला जा.

आईशी खोटं बोलू नकोस. दिवसभर ऊस तोडून ती अंधारात चार जणी का जमवते, हे तिलाच विचार. माझ्यापेक्षा ती नीट सांगेल.

आणि या रविवारी पुस्तक जरा आजीच्या बाजूला धर. तिचं नाव विचार आणि मला कळव.