बाबांना मोबाईलवरचं काउन्सेलिंग जमेल का?

प्रश्न : ताई, बाबा ७४ वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून गप्पच असतात, पेपर सोडला, पहाटे ३ लाच उठून बसतात आणि विचारलं की 'गुडघे दुखतात, काही लक्षात राहत नाही' एवढंच. बाहेर पडायला तयार नाहीत म्हणून भाऊ म्हणतो ऑनलाइन थेरपी लावू. या वयात स्क्रीनसमोर बसून काही होतं का, की नुसतेच पैसे जायचे?

उत्तर : होतं की! पण आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवा, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या आणि चालू गोळ्यांची पिशवीच समोर ठेवा, कारण यातल्या कशानेही माणूस असाच मलूल होऊ शकतो. म्हातारपणी डिप्रेशन रडण्यापेक्षा अंगदुखी, मोडलेली झोप, विसराळूपणा यातूनच जास्त दिसतं आणि घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात.

नुसतं अ‍ॅप घेऊ नका, आपापले धडे वाचायचे असले की लोक अर्ध्यातच सोडतात. थेरपिस्ट व्हिडिओवर नाहीतर साध्या फोनवर तरी बोलणारा हवा, आठवड्याला एकदा, पाऊण-एक तास. सीबीटी नावाची पद्धत असते, त्यात मूड यायची वाट न बघता आधी काहीतरी छोटंसं करायचं, पेपरचं एकच पान का होईना, मूड मागून येतो.

आता खरी अडचण. ती बाबांची नाही, तुमची आहे (रागवू नका हं). मुलं फोन लावून देतात आणि तिथेच सोफ्यावर बसून राहतात, मग बाबा काय बोलणार, 'सगळं ठीक आहे' म्हणणार आणि थेरपिस्टही बिचारा तेच लिहून घेणार. लिंक लावून द्या, आवाज येतोय ना बघा, हेडफोन द्या आणि दार ओढून बाहेर जा. नंतर 'काय बोललात?' अजिबात विचारायचं नाही. ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन आधी.

जेवणच सोडलं, 'जगून काय करू' म्हणायला लागले किंवा भास व्हायला लागले तर ऑनलाइनच्या भरवशावर राहू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे घेऊन जा. गोळ्या सुरू झाल्या तर फरक दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, मात्र मध्येच एकदम गोंधळल्यासारखे वागले तर लगेच डॉक्टरांना कळवा, या वयात काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यानेच माणूस गोंधळतो.

आणि वयस्कर लोकांसोबत काम केलंय का हे थेरपिस्टला आधीच विचारा. तीन-चार सेशननंतरही बाबांचं सूत जुळलं नाही तर बिनधास्त दुसरा बघा.