पायरीला हात का लावला?

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी एडिंबराच्या किल्ल्यात लँग स्टेअर्स चढताना मी पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. तू विचारलंस, "बाबा, हे काय देऊळ आहे?" तेवढ्यात दुपारी एक वाजल्याची तोफ उडाली, तू कान झाकून पळालीस आणि उत्तर राहून गेलं.

देऊळ नाही. पण आपल्याकडे गड चढताना पहिल्या पायरीला नमस्कार करतात. मला कुणी शिकवलं नव्हतं. सातवीच्या सहलीत रायगडावर पुढचा माणूस वाकला, म्हणून मीही वाकलो. वर जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीवर अक्षरं कोरली आहेत: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. रायगड बांधणारा तो हा हिरोजी. त्याचं नाव भिंतीवर उंच नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली आहे. खाचांत माती बसली होती, ती मी बोटाने काढली. तेव्हापासून गडाच्या पायरीवर सरळ पाय ठेववत नाही. ज्यांच्या कष्टांवर आपण पाय देतो, त्यांची आधी परवानगी घ्यायची.

मग ती इथे का घ्यायची? इथेही माणसं तशीच होती गं. 1314 साली हा किल्ला इंग्रजांकडे होता. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा पुतण्या टॉमस रँडॉल्फ रात्री तीस माणसं घेऊन उत्तरेचा कडा चढला. वाट दाखवली विल्यम फ्रान्सिसने. तरुणपणी तो किल्ल्यात राहायचा आणि गावातल्या मैत्रिणीला भेटायला गुपचूप त्याच कड्यावरून उतरायचा. किल्ला घेतल्यावर ब्रूसने तटबंदी पाडून टाकली, सेंट मार्गारेटचं छोटं चॅपेल तेवढं राखलं. चॅपेलच्या त्या अंधाऱ्या खिडकीपाशी तू मला चॉकलेट मागितलंस, आठवतं? कड्याची गोष्ट वाचताना मला तानाजी मालुसरेच दिसत होते, 1670 च्या फेब्रुवारीतली रात्र, कोंढाण्याचा कडा. आठ महिने या गावात राहतोय, पण ती वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे गाव आपल्या ओळखीचं आहे.

एक गोष्ट मात्र दाखवायची राहिली. किल्ल्यासमोरच्या मैदानात ब्रिटिश फौजेतल्या 78 व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचा उंच दगडी क्रूस आहे, त्यावर हत्ती कोरलाय. स्कॉटलंडात हत्ती कुठून आला? आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईहून. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी ही पलटण लढली आणि त्या लढाईची खूण म्हणून तिला हत्तीचं चिन्ह मिळालं. शिंद्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशीच उभे राहिले. माझं आजोळ जालन्याचं, तरी हे मला इथे येऊन कळलं, याचं फार वाईट वाटतं.

क्रूस 1857-58 मध्ये मेलेल्या त्या पलटणीच्या शिपायांसाठी आहे. असईच्या गोलंदाजांची नावं त्यावर नाहीत. येत्या शनिवारी आपण आधी त्या हत्तीपाशी थांबू. मी तिथे दोन्हीकडच्यांसाठी हात जोडणार आहे. तुला जोडावेसे वाटले तर जोड.

तुझे,
बाबा