वाचकांचे प्रश्न: संचालकांवर लक्ष कोण ठेवणार?

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत तेच चार-पाच जण वर्षानुवर्षं संचालक आहेत, हिशोब विचारला तर उद्या या म्हणतात. मुलगा जर्मनीत असतो, तो म्हणतो तिकडे संचालकांवर वेगळं देखरेख मंडळ असतं. आपल्याकडे असं काही नाही का? (एक सभासद, बजाजनगर, नागपूर)

उत्तर: मुलगा बरोबर सांगतोय काका. जर्मनीच्या सहकार कायद्यात कारभार बघणारं मंडळ वेगळं आणि त्यावर नजर ठेवणारं वेगळं, दुसऱ्यात कमीत कमी ३ जण, सभासदांनी निवडलेले, आणि एकच माणूस दोन्हीकडे बसू शकत नाही. फक्त २० पर्यंत सभासद असलेल्या छोट्या संस्थांना यातून सूट घेता येते.

आपला महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा, त्यात असं दुसरं मंडळ नाही. कलम ७२ प्रमाणे सर्वोच्च अधिकार सर्वसाधारण सभेचा, कारभार समितीकडे (म्हणजे संचालक मंडळाकडे), आणि तपासायला ऑडिटर न् निबंधक (सहकार खात्याचा अधिकारी). कागदावर छानच आहे, पण सभेला लोक अल्पोपहारापुरते येतात ना भाऊ, मग लक्ष ठेवणार कोण! (मोठ्या नागरी बँकांना मात्र रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या शेवटी वेगळं व्यवस्थापन मंडळ करायला सांगितलं, ते पतसंस्थांना लागू नाही.)

तुम्ही आता एवढं करा, कलम ३२ खाली ताळेबंद न् सभेचं इतिवृत्त बघायला लेखी अर्ज द्या, पोच घ्याच. तरी टाळाटाळ झाली तर एक पंचमांश सभासदांच्या सह्या गोळा करून कलम ८३ खाली निबंधकाकडे चौकशी मागता येते.