‘एलियनचा सिग्नल’ आणि अकरावीचं वर्ष

नमस्कार ताई,

मुलगा अकरावी सायन्सला, घर नारायणगावजवळ. दहावीच्या सुट्टीत त्याने विज्ञानाच्या बातम्यांचं यूट्यूब चॅनेल काढलं, आता त्याला साठ हजारांचा कॅमेरा हवाय आणि त्याचे बाबा म्हणतात, ‘आधी जेईई, मग काय ते उद्योग.’ यात करिअर आहे की नुसता वेळेचा खेळखंडोबा, असं तुम्ही विचारलंय.

कॅमेरा नको, हे आधी सांगून टाकते. तुम्ही पाठवलेले तिन्ही व्हिडिओ पाहिले. मोबाइलचं चित्र छान आहे; आवाज मात्र डब्यातून आल्यासारखा, त्यात मागे टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न. कॉलरला लावायचा साधा माइक काही शेकड्यांत मिळतो. तो घ्या, भिंतीला दोन गोधड्या टांगा आणि रेकॉर्डिंग पहाटे करू दे.

खरा प्रश्न तिसऱ्या व्हिडिओचा आहे. पहिल्या दोन्हींना चाळीस-पन्नास व्ह्यूज, आणि ‘खोडदच्या दुर्बिणीला एलियनचा सिग्नल?’ याला एकोणीसशे. त्या प्रश्नचिन्हाआड लपायला चिरंजीव इतक्या लवकर शिकले, याचं मला जरा वाईट वाटलं.

बातमी खरी आहे, जानेवारी 2023 मधली. पण तो सिग्नल कुणी पाठवलेला नव्हता. एका दूरच्या दीर्घिकेतल्या (म्हणजे गॅलेक्सीतल्या) हायड्रोजनच्या अणूंमधून निघालेली ती 21 सेंटिमीटरची रेडिओ लहर. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे वाटेत ताणली जाऊन ती इथे पोहोचली तेव्हा 48 सेंटिमीटरची झाली होती. निघाली तेव्हा विश्वाचं वय साधारण 490 कोटी वर्षं, आणि त्यानंतर प्रवास 880 कोटी वर्षांचा! इतकी क्षीण लहर टिपता आली, कारण मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून ती सुमारे तीसपट प्रबळ केली. आणि ती टिपली कुणी, तर तुमच्या घरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने. 45 मीटर व्यासाच्या तीस जाळीदार अँटेना, एसटीतून जाता-येता रोज दिसणाऱ्या. यात एलियन घालायची गरज काय होती, सांगा बरं?

त्याला म्हणावं, व्हिडिओ गुपचूप काढून टाकू नकोस. नवा कर आणि सुरुवातीलाच सांग, ‘मागच्या वेळी माझं चुकलं.’ व्ह्यूज कमी येतील. येऊ देत.

पुढेही रोजच्या बातम्यांच्या मागे लागू नये. 2023 च्या जुलैत कोरियातल्या संशोधकांनी एलके-99 नावाचा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला जराही अडथळा न करणारा, असल्याचा दावा केला. तज्ज्ञांची तपासणी व्हायच्या आतच तो निबंध इंटरनेटवर आला, व्हिडिओंचा पाऊस पडला, आणि काही आठवड्यांत इतर प्रयोगशाळांनी दावा खोडून काढला. घाई केली त्यांचे व्हिडिओ आजही तसेच पडून आहेत. महिन्याला दोन बातम्या पुष्कळ झाल्या. आधी संस्थेचं प्रसिद्धिपत्रक, मग मूळ निबंधाचा सारांश, आणि अडलं तर फिजिक्सच्या सरांना गाठायचं. रविवारचे तीन-चार तास. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी. बाबांनाही एवढं चालायला हरकत नसावी.

आता करिअर. जेईई किंवा सीईटीत चॅनेलचा एकही मार्क मिळत नाही. पैशांचं म्हणाल तर जाहिरातीच्या उत्पन्नासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेलेलं असावं लागतं (किंवा शॉर्ट्सना नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज), शिवाय अठरा पूर्ण होईपर्यंत खातं पालकांच्या नावे. तो हिशेब सध्या सोडून द्या. पण विज्ञान सोप्या मराठीत सांगता येणारी माणसं कमी आहेत, हे मी रोज पाहते. आधी बीएस्सी किंवा आयसरसारख्या विज्ञानसंस्थेत विज्ञान नीट शिकावं. तरीही ओढ टिकली तर पदवीनंतर पत्रकारितेचा रस्ता खुला आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहेच. संशोधनात गेला तरी आपलं काम चार लोकांना समजावून सांगायची सवय वाया जात नाही.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन भरतं. त्याला घेऊन जा. मोबाइलच्या लहरींनी तिथल्या निरीक्षणात गोंधळ होतो, म्हणून फोन बंद ठेवावा लागतो. शूटिंग नाही. वही-पेन्सिल मात्र आठवणीने द्या, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना विचारायचे तीन प्रश्न आदल्या रात्री लिहून काढायला सांगा.